आतला हात

दादा, तुम्ही लग्नात दिलेली डॉली मी पुन्हा तिच्या मूळच्या कामाला लावली आहे. मधली सगळी वर्षं तिनं माझ्या ओट्यावर काढली. आलं-लसूण ठेचलं, सुपारी फोडली, बरणीतल्या लोणच्याच्या फोडी वर येऊ नयेत म्हणून बशीवर बसली, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराला लागली. इतर पोरींना बापानं पितळेची भांडी दिली. मला साबणाच्या वडीएवढा लोखंडाचा ठोकळा मिळाला, तोही वापरलेला. सासूबाईंनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "हे काय आणलंस, माप आहे का कसलं?" मी म्हटलं, "गाडीचा पोचा काढताना पत्र्याच्या मागून धरतात ते आहे." त्या म्हणाल्या, "आमच्याकडे गाडी नाही." मी म्हटलं, "आमच्याकडेही नव्हती."

पत्र लिहायला बसले म्हणजे मला काही भरून आलंय असं समजू नका. मला हल्ली काहीच येत नाही. साखरेनं बोटं बधिर झालीत. डॉक्टर सुई टोचून विचारतो, आजी, कळतंय का? मी म्हणते, टोचताय हे दिसतंय. तसंच सगळं चाललंय. दुपारची जेवणं झाली आहेत, भांडी पालथी घातली आहेत, घरात कुणी नाही. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे. तिसरीत जसं होतं तसंच राहिलं, कारण पुढं त्याला कुणी वळण लावलं नाही. हा टोमणा आहे, पण जुना आहे, तुमच्या सवयीचा आहे.

आता आम्ही वाघोलीला राहतो. तुमच्या वेळी इकडं शेतं होती, आता कॉलेजं आणि इमारती आहेत, आणि रस्त्यावर एवढी वाहनं की पलीकडची भाजी घ्यायची तर इकडूनच ओरडावं. तुमचा नातू कॉम्प्युटरच्या कामात लागला, आणि सून आणली तीही त्याच कामातली. दोघं सकाळी कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायची. शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला, रोज. मी सुनेला विचारलं होतं, "अगं, काम तिकडं आणि घर इकडं, हे कुणाचं डोकं?" ती म्हणाली, "माझं. इथं घराखाली गाडीला जागा आहे." गाडी म्हणजे तिच्या वडिलांची जुनी गाडी, गोल पाठीची, बाहेर आलेल्या दिव्यांची, तुमच्या शेडमध्ये यायच्या तसली. तिचे वडील गेल्यावर भावांनी ती भंगारात काढायचं ठरवलं, तर हिनं ती दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली. गॅरेजमध्ये मागं घेताना स्टेअरिंगवर ही बसली, बाकीचे ढकलत होते, आणि डावीकडचं मागचं मडगार्ड खांबाला जाऊन बसलं. हा एवढा पोचा पडला. ही खाली उतरली, पोचा बघितला आणि म्हणाली, "चला, आता ही माझी झाली."

आमचं पटत नाही असं लोक म्हणायचे. पटत होतं. आम्ही भांडत होतो, एवढंच. माझ्याशी भांडायला दुसरं कुणी उभं राहत नाही. तुम्ही तर कधीच राहिला नाहीत. मागच्या पावसाळ्यात ती आजारी पडली आणि थंडी संपायच्या आत गेली. पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. भन्तेजी बोलले, तिच्या ऑफिसातल्या मुली बोलल्या, एकीनं तर कागदावर लिहून आणलं होतं. मग माझ्या मुलाला उभं केलं. तो माइकसमोर उभा राहिला, माइक जरा खाली केला, आणि परत येऊन खुर्चीत बसला. त्या दिवसापासून तो बोलेना. भांडण नाही, रडणं नाही, दारू नाही. उठायचा, आंघोळ करायचा, बसनं कामाला जायचा, यायचा, ताटात असेल ते खायचा. मीठ जास्त घातलं तरी खायचा. मी एकदा मुद्दाम घातलं होतं. त्यानं खाल्लं, ताट धुऊन ठेवलं आणि जाऊन झोपला. तेव्हा मला वाटलं, हे काही बरं नाही.

नात इथल्याच कॉलेजात इंजिनिअरिंग करते. आईवर गेली आहे, तोंडानं आणि सगळ्यानंच. ती माझ्या खोलीत येऊन बसायची आणि विचारायची, "आजी, बाबा माझ्यावर चिडलेत का?" मी म्हणायचे, "चिडायला माणूस जागा लागतो." ती म्हणायची, "यू आर सो हार्श, आजी." असेन. पण ती रोज यायची आणि रोज तेच विचारायची, आणि मी रोज काहीतरी वेडंवाकडं उत्तर द्यायचे.

मग एका रविवारी खालून ठोकाठोक ऐकू आली. मी भाजी निवडत होते. आवाज ऐकला आणि माझे हात थांबले. दादा, तो आवाज वाईट होता. हातोडी पत्र्यावर पडत होती आणि पत्रा डबडब करत होता, रिकाम्या डब्यासारखा. म्हणजे मागून काही धरलेलं नव्हतं, किंवा धरलं होतं ते भलत्या जागी. असा मारत राहिला तर पत्रा ताणतो, फुगतो, मग इकडं दाबला की तिकडं वर येतो आणि शेवटी कापून टाकावा लागतो. मी थोडा वेळ ऐकून घेतलं. मेथी अर्धी झाली होती. मग बशीवरची डॉली उचलली, पदराला पुसली आणि जिना उतरले. खाली तो गाडीचं पुढचं चाक काढून मडगार्डशी बसला होता, एका हातात नवी कोरी हातोडी, दुसऱ्या हातात लाकडाचा तुकडा. कॉम्प्युटरवर बघून शिकला होता. बघून जितकं येतं तितकं आलंही होतं, नाही म्हणत नाही. मी चाकाच्या जागेत पाट टाकला, पाटावर बसले, हात आत घातला आणि म्हटलं, "हं. मार." त्यानं माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी बघितलं. मग मारलं. टण. बरोबर बसलेल्या घावाचा आवाज भरीव असतो, हे काय तुम्हाला सांगायचं. पुन्हा मारलं. पुन्हा टण. थोड्या वेळानं तो थांबला, वाकला, माझ्या हातातल्या डॉलीचा वास घेतला आणि म्हणाला, "आई, याला आल्याचा वास येतोय."

एवढं एक वाक्य. वर गेल्यावर नातीनं विचारलं, "बाबा काही बोलले?" मी सांगितलं. तिनं ते मला परत म्हणायला लावलं. मग तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

त्या पाटावर बसले की मी तुमच्या शेडमध्ये असते. भवानी पेठेतली ती पत्र्याची शेड, वर उन्हानं तापलेली, खाली थिनरचा वास. आई जाऊन थोडेच दिवस झाले आहेत. तुम्ही बोलत नाही. मला आठवतं तसं तुम्ही आधीही फार बोलत नव्हता, पण आधीचं न बोलणं वेगळं होतं, त्यात माणूस होता. आत्या आपल्याकडं येऊन राहिली आहे, ती तुम्हाला दादा म्हणते म्हणून मीही तेच म्हणते. एके दिवशी सकाळी मी शाळेला निघते तर तुम्ही म्हणता, "आज माझ्याबरोबर चल." तुमचा मदतनीस गावाला गेला आहे, आतून धरायला हात नाही. मला वाटलं, एक दिवसाचं काम असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चल. तिसऱ्या दिवशी तुम्ही काही म्हणालाच नाहीत, मीच चपला घातल्या.

आत्या संतापली होती. ती चुलीशी बसून भाकरी थापत होती आणि प्रत्येक वाक्याला थाप देत होती. "दादा, भिंतीवर फोटो कुणाचा लावलाय ते बघ एकदा. शिका म्हणून सांगणाऱ्या त्या फोटोला तोंड वर करून सांग, माझी पोरगी शाळा सोडून पत्रा धरते म्हणून." तुम्ही खाली मान घालून जेवत होता. "वस्तीतल्या सगळ्यांच्या पोरी शाळेत जातात. त्या धुणंवालीची जाते. तुझी काय सोन्याची आहे?" तुम्ही म्हणालात, "भाकर दे." आत्यानं भाकरी वाढली नाही, ताटात टाकली.

मडगार्डच्या आत अंधार असायचा आणि चिखल वाळून बसलेला असायचा. तुम्ही बाहेर, मी आत, मध्ये पत्रा. तुम्ही मला खुणा शिकवल्या. हातोडी एकदा हलकी वाजवली की डॉली वर घ्यायची, दोनदा वाजवली की खाली, आणि हातोडीचा लाकडी दांडा पत्र्यावर घासला की झालं, बाहेर ये. दिवसभर आपण एवढंच बोलायचो. मला एकदा चिखलात मुंग्यांची रांग दिसली आणि मी ती बघत बसले. हात सरकला. तुमचा घाव पोकळ पडला आणि पत्रा आत गेला. मी वाट बघितली की आता तुम्ही येऊन कानाखाली द्याल. तुम्ही आलात, उकिडवे बसलात आणि आत तोंड घालून म्हणालात, "मला आतलं दिसत नाही. तू जिथं धरशील तिथं मी मारतो. हात हलवायचा असेल तर आधी सांग." मारलं असतंत तर मी विसरले असते.

ती डॉक्टरांची काळी गाडी आठवते? मागचं मडगार्ड टांग्याला लागून पार आत गेलं होतं. ते काम चालू असतानाच सगळं ठरलं होतं. शेडचे मालक म्हणाले होते, "ही गाडी झाली की पोरीला शाळेत घाल. मी दुसरा माणूस बघून ठेवलाय." आत्यानं तिच्या जुन्या परकराचं दप्तर शिवून खुंटीला टांगून ठेवलं होतं. जून तोंडावर आला होता. शनिवारी संध्याकाळी मडगार्ड झालं. तुम्ही त्यावर रॉकेलचं फडकं फिरवलं, उजेडाला तिरकी मान करून बघितलं, कुठं लाट नाही, कुठं खड्डा नाही, काळ्या पाण्यासारखा पत्रा. तुम्ही दांडा घासलात. मी बाहेर आले. मालकांनी बघून मान डोलावली. सोमवारी सकाळी तुम्ही शेडमध्ये आलात, चहा प्यालात, कपबशी विसळून ठेवलीत, आणि जाऊन त्या झालेल्या मडगार्डवर हातोडी घातलीत. एकदा नाही. पत्रा दुमडेपर्यंत.

मालक धावत आले. "अरे, येडा झालास काय तू? झालेलं काम होतं ते."

"आतून गंज आहे," तुम्ही म्हणालात. "वरवर करून उपयोग नाही. कापून नवीन पत्रा लावावा लागेल."

मालकांचा विश्वास बसेना. ते माझ्याकडं वळले. "काय गं, तुझा हात होता ना आत? आहे का गंज?"

माझा हात होता आत. इतके दिवस होता. जेवायच्या ताटासारखा स्वच्छ पत्रा होता तो. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत, हातोडीकडं बघत होता. मी म्हटलं, "आहे. पुष्कळ आहे."

का म्हटलं, मला तेव्हा कळलं नाही. ते मडगार्ड कापायला, नवीन पत्रा वळवायला, जोडायला, घासायला सगळा जून गेला आणि पुढचाही महिना गेला. शाळा सुरू होऊन पुढं निघून गेली. नवा माणूस आला आणि दुसऱ्या गाडीवर लागला. आत्यानं दप्तरात कांदे ठेवले. मी मग तुमच्याबरोबरच राहिले, लग्न होईपर्यंत.

पुढं मी ते किती वापरलं. मोठी बाई झाल्यावर कुठं अडले की तुम्हाला ऐकवायचं. बसवरची पाटी वाचताना वेळ लागला, ऐकवायचं. बँकेत पोरगी हसली, येऊन तुम्हाला ऐकवायचं. मला अडाणी ठेवलंत, फुकटचा हात पाहिजे होता तुम्हाला. तुम्ही कधी उत्तर दिलं नाहीत. एकदाच, मी माहेरी आले होते, तुम्ही बाजेवर बसून पायाची नखं काढत होता, तेव्हा म्हणालात, "गंज आहे म्हणून तूच सांगितलंस." आणि परत नखं काढायला लागलात. मी उठून आत गेले. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. आत्या सगळ्यांना सांगत होती, पोरगी दगड आहे. मी तुमची हातोडी कुणी उचलली ते बघत होते. नंतर कळलं, कुणीच नाही. शेडमध्येच राहिली आणि शेडबरोबर गेली. आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत.

आता इकडचं सांगते. रविवारमागून रविवार आम्ही ती गाडी करतो आहोत. पुढची दोन्ही मडगार्डं झाली, दारं झाली, बोनेट झालं. कुजलेला पत्रा कापला तिथं वेल्डिंगवाल्याला बोलावून नवीन तुकडे लावले. मी मुलाला हातोडीच्या दोन खुणा शिकवल्या, वर आणि खाली. आधी तो नुसता ठोकायचा. मग "आई, वर" म्हणायला लागला, खूण असूनसुद्धा. मग "अजून जरा", मग "पाणी हवंय का तुला?" नात संध्याकाळी हजेरी घेते.

"आज काय बोलले बाबा?"

"वर, म्हणाला."

"फक्त वर?"

"खाली पण म्हणाला."

"आजी, सिरियसली सांग ना."

"हिची बडबड नसली की काम लवकर होतं, म्हणाला. तुझ्या आईबद्दल." तिनं हातातलं पुस्तक मिटलं. कारण सून गेल्यापासून त्यानं घरात तिचं नावच काढलं नव्हतं. गॅरेजात काढलं, तेही पत्र्याकडं तोंड करून. मला आत दिसत नव्हता तो, मी त्याला दिसत नव्हते. तो म्हणाला, "ती इथं असती तर आतापर्यंत तीनदा रंग ठरवून तीनदा बदलला असता." मी आतून म्हटलं, "चारदा." तो हसला की खोकला ते पत्र्यापलीकडून समजलं नाही.

पण जिना चढून वर आला की पुन्हा तसाच. ताट, पाणी, झोप. सोमवार ते शनिवार काही नाही. सगळं त्या गॅरेजात, सगळं रविवारी, सगळं मध्ये पत्रा असताना. आणि गाडी संपत आली. रंगवाला म्हणाला होता, येत्या रविवारनंतर उचलून नेतो, माझ्याकडं जागा रिकामी होते आहे. एकदा रंगाला गेली की मग ठोकायला काही उरत नाही. रंग झालेल्या गाडीला हातोडी लागत नाही, आतून धरायला हात लागत नाही. नात परवा कणीक मळताना माझ्याजवळ येऊन उभी राहिली, नेहमीसारखी बोलली नाही, साध्या मराठीत विचारलं, "आजी, गाडी झाली की बाबा परत तसेच होणार का?" मी म्हटलं, "तू पोळ्या लाट." ती लाटत बसली. तिच्या पोळ्या नकाशासारख्या होतात. त्या दिवशी मी त्या तशाच डब्यात ठेवल्या.

राहिलं होतं ते एकच, डावीकडचं मागचं मडगार्ड. खांबाला लागलेलं. तिनं पाडलेला पोचा. त्यानं ते शेवटी ठेवलं होतं, मी का म्हणून विचारलं नाही. आणि काल रविवार होता.

काल तो हळू काम करत होता. एक घाव आणि मग बराच वेळ नुसता तळहात फिरवायचा, तुम्ही फिरवायचात तसा, पातळ फडकं मध्ये घालून. हे मी त्याला शिकवलेलं नाही. मी आत बसून त्याचा डावा हात बघत होते, वरच्या बाजूनं आत आलेला, चिखल काढायला. कोपराच्या वरपर्यंत आत आला, बोटं थेट माझ्या डॉलीला लागली. मी त्या हाताकडं बघतच राहिले, दादा. हा तुमचा हात आहे. एवढाच लांब. कुठल्याही मडगार्डात कोपरापर्यंत जाणारा. तुम्हाला डॉली आतून स्वतःला धरता येत होती. त्या काळ्या गाडीच्या मडगार्डातसुद्धा. मदतनीस गावाला गेला म्हणून तुमचं काही अडलं नव्हतं. एवढी वर्षं मी तुम्हाला फुकटचा हात पाहिजे होता म्हणून ऐकवलं, आणि तुम्हाला हात नकोच होता. तुम्हाला पत्र्याच्या आत कुणीतरी बसलेलं पाहिजे होतं, एवढंच. यावरून मी तुम्हाला शाळेची माफी दिली असं समजू नका. शाळा ती शाळा. नुसतं कळलं ते सांगते आहे.

मग त्यानं पुन्हा मारायला घेतलं. टण. टण. आवाज भरत चालला होता. मला आतून पत्र्याची पाठ दिसत होती, खोलगट भाग वर येत येत सपाट होत होता. बोटांना लागत नाही पण डोळ्याला दिसतं, कानाला कळतं. अजून थोडेसेच घाव, आणि झालं असतं. तो रॉकेलचं फडकं फिरवणार, उजेडाला बघणार, रंगवाल्याला फोन करणार. त्यानं हातोडी उचलली, ते मला त्याच्या सावलीवरून कळलं. आणि माझा हात सरकला. जरासाच, दोन बोटं. घाव पोकळ पडला. डब. पत्रा आत गेला.

तो थांबला. मग त्याचा तळहात पत्र्यावरून फिरला, मागं, पुढं, पुन्हा त्याच जागी. मग तो आला आणि उकिडवा बसला आणि चाकाच्या जागेतून आत बघायला लागला. बघत राहिला. डॉलीकडं नाही, माझ्याकडं.

"आई, हात थकला का?"

"थकला," मी म्हटलं.

"मग राहू दे आज." तो तिथंच बसून राहिला. "घाईनं केलं तर पत्रा ताणेल. मी रंगवाल्याला सांगतो, अजून काम आहे म्हणून. बरंच आहे."

"आहे की," मी म्हटलं.

मग त्यानं हात पुढं केला आणि मला पाटावरून उठवलं. गुडघे वाजले दोन्ही. आम्ही जिना चढून वर आलो. तो ओट्याशी गेला आणि त्यानं विचारलं, "चहा टाकू?" दारात नात उभी होती. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यानं साखर कुठं आहे ते विचारलं, आणि तिनं सांगितलं, आणि तो म्हणाला, "आई डॉक्टरांना फसवते, तिच्या कपात घालू नकोस." चहा पाणचट झाला होता. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या हातचा जितका असतो तितकाच आहे." नात हसली.

पाठपोट लिहून झालं, जागा संपली. हे कुठं टाकायचं हा प्रश्न नाही, टाकायचंच नाही. पानाला थोडं तेल लावते आणि डॉली त्यात गुंडाळून ठेवते पुढच्या रविवारपर्यंत. ओट्यावरच्या वाफेनं तिला हल्ली खरंच गंज धरायला लागला आहे. दांडा घासायची खूण मी अजून त्याला शिकवलेली नाही. आणि माझा हात थकला नव्हता, दादा.